पाहणाऱ्याचा वाटा

तळासरी
६ जानेवारी २०२५

हिरूदादा,

फोन असताना हिने कागद का पाठवला, असं तुला वाटेल. फोनवर तू हसतोस, मग वर्षावहिनी फोन घेते, मग जेवलीस का, काय केलंस, यातच बोलणं संपतं आणि विचारायचं राहून जातं. कागदावर तुला हसून वेळ मारून नेता येणार नाही. शिवाय लिहिलेलं माझ्याकडे राहील.

हे पाकीट बाबांच्याच हाती देते आहे. दर मंगळवारी ते घोलवडला तुझ्याकडे येतातच. आत वहिनीच्या ब्लाउजचं माप आहे, असं त्यांना सांगितलंय. त्यांना वाचता येत नाही म्हणून हे जमलं. तूही मोठ्याने वाचू नकोस.

विचारायचं एकच आहे. बाबा तुझ्याकडे काय करतात?

मला सांगतात, चिकू काढायला जातो. चिकू काढणाऱ्याच्या बोटांना चीक लागतो, तो काळा पडतो आणि तीन दिवस घासला तरी निघत नाही. आई बागेत जायची तेव्हा तिची बोटं मीच रॉकेलने पुसून द्यायची. बाबांची बोटं स्वच्छ असतात. नखांत करडी माती असते, ती आपल्या शेतातली नाही. दोन्ही गुडघे आणि तळहात सोललेले असतात. परवा ते अंगणात चिंचेखाली उभे होते. एक पाय अर्धा उचललेला, श्वास धरलेला, पापणीही हलत नव्हती. मी हाक मारली तर म्हणाले, पायात काटा गेला. हिरूदादा, मी त्यांची मुलगी आहे आणि वनरक्षकही आहे. रानात असं कोण उभं राहतं, ते मला ठाऊक आहे.

मी सहावीत असताना त्यांना भेकराच्या शिकारीसाठी वनखात्याने पकडून नेलं होतं, तुला आठवत असेल. सुटून आले आणि जाळं चुलीत घातलं. मला नोकरी लागली तेव्हा विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या पायरीवर हात ठेवून म्हणाले, यापुढे जनावराचं नावसुद्धा तोंडात घेणार नाही. त्या शब्दावर मी खाकी घातली.

तुझ्या शेडबद्दल आमच्याकडे एक निनावी अर्ज आलाय. ‘आत हरणांची सोललेली धडं उभी आहेत.’ अजून कोणी मनावर घेतलेला नाही. मी घ्यावा का, ते तुझ्या उत्तरावर आहे.

दक्षा


घोलवड
७ जानेवारी २०२५

वनरक्षक दक्षाबाई यांच्या सेवेशी,

तुझं पाकीट मिळालं. मामा समोर बसून चहा पितायत आणि मी ब्लाउजचं माप चार पानं वाचतोय. पुढच्या वेळी थोडं बारीक खोटं सांग.

अर्ज करणाऱ्याला माझ्याकडून एक चिकू दे. धडं सोललेली नाहीत, त्यांना कातडं कधी नव्हतंच. अमेरिकेत म्यूल डिअर म्हणून एक हरीण असतं, त्याचे कान खेचराएवढे. तिकडे परवाना काढून त्याची शिकार चालते. शिकारी कातडं आणि शिंगं ठेवून घेतो, पण कातड्याच्या आत काहीतरी हवं ना? पूर्वी पेंढा भरायचे, आता फोमचं तयार धड विकत घेतात आणि त्यावर कातडं चढवतात. ते धड कसं उभं राहणार, मान कुठे वळणार, कान कुठे जाणार, हे आधी मातीत करावं लागतं. ती माती मी करतो. वापीचा एक एक्स्पोर्टवाला त्यावरून साचे काढून घेतो. चिकूची पॅकिंग शेड रिकामी पडली होती, ती मी घेतली. आत माती, ती उभी करायचे लाकडी घोडे, काचेचे डोळे आणि मी. रक्त म्हणशील तर पत्रा कापताना माझ्या अंगठ्यातून आलं तेवढंच.

दहा वर्षं गणपती केले, तेव्हा वाटलं होतं हरीण काय मोठंसं. गणपती बसतो तो निवांत बसतो. हरणाला नुसतं उभं करून भागत नाही. पहिली दोन धडं तिकडच्या गोऱ्याने फोटोवरूनच नापास केली. मापं बरोबर, नाकापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत सूतभर फरक नाही. त्याने एवढंच कळवलं, की हरीण उभं आहे पण त्याला काही ऐकू येत नाही. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

मामांचं म्हणशील तर ते चिकूच काढतात. जेवायला तेवढे शेडवर येतात. हातमोजे घालतात म्हणून चीक लागत नाही. गुडघे वयाचे. उगाच डोक्यात काही घेऊ नकोस.

तुझा
हिरू


तळासरी
२० जानेवारी २०२५

हिरूदादा,

घोलवडला हातमोजे घालून चिकू काढणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. तू पाहिला असशील तर त्याचा फोटो पाठव.

तुझ्या धडांचं मला पटलं. ते तू खरं लिहिलंस, कारण तिथे तू फुशारकी मारलीस. बाबांचं चार ओळींत उरकलंस. खोटं बोलताना तू लहानपणापासून आखूड बोलतोस.

गेल्या मंगळवारी बाबा परतले तेव्हा त्यांना जिना चढवेना. पाठ धरली होती. मी तेल लावायला गेले तर नको म्हणाले, अंगाला हातही लावू दिला नाही. काय लपवतात? कुठे पडलेत? कोणाच्या मागे धावलेत? उधव्याच्या रानाच्या बाजूला फासे सापडतायत, तीन महिन्यांत चार. तारेची गाठ जुन्या माणसांची आहे, असं आमचे साहेब म्हणाले. ते म्हणाले तेव्हा मी खाली बघत होते.

मला खरं हवंय.

दक्षा


घोलवड
२८ जानेवारी २०२५

दक्षा,

आज भांडू नकोस. तिसरं धड पास झालं. गोऱ्याने कळवलं, हे हरीण ऐकतंय. एवढ्यावर मी वर्षाला घेऊन बोर्डीच्या किनाऱ्यावर जाऊन आलो.

सोबत फोटो आहे, नीट बघ. तुला वाटतं हरीण ऐकतं ते कानांनी. नाही. आधी त्याचा श्वास थांबतो. श्वास थांबला की बरगडीच्या मागे पोट आत ओढलं जातं, तिथे खळगा पडतो. मग एक कान मागे जातो, दुसरा पुढेच राहतो, कारण पुढच्याची खात्री झालेली नसते. मान सगळ्यात शेवटी वळते. आणि जो पाय उचलायचा असतो त्यावरचं वजन त्याने आधीच काढून घेतलेलं असतं. पाय जमिनीवरच आहे, पण रिकामा आहे. मी आधी पाय उचलून दाखवायचो, म्हणून ते नाचतंय असं दिसायचं. आता उचललाच नाही. खांद्याचं हाड तेवढं अर्धं बोट वर घेतलं.

कुठून शिकलो विचारशील. व्हिडिओ बघून.

फाशांचं वाचून वाईट वाटलं. पण ते मामांचं काम नाही. एवढं मात्र मी कुठेही शपथेवर सांगेन.

हिरू


तळासरी
३ फेब्रुवारी २०२५

हिरूदादा,

तुझा फोटो मी तीन वेळा पाहिला. आमच्या ट्रेनिंगमध्ये हरणांचे तासन्‌तास व्हिडिओ दाखवले होते. त्यांत बरगडीमागचा खळगा दिसत नाही. पायातलं वजन काढून घेतलेलं दिसत नाही. ते दहा हातांवरून दिसतं, आणि ज्याला मारायचं आहे त्यालाच दिसतं. हे धड तू जिवंत जनावर समोर ठेवून केलंस, नाहीतर नुकतंच पडलेलं. मातीचं काम खरं आहे आणि त्याच्या आडून दुसरंही काही चाललंय, असं मला वाटतं.

पुढचं ऐक. तू तो फोटो पाठवलास त्याच दिवशी बाबा पळसाच्या पानात बांधलेलं मटण घेऊन आले. मागच्या दाराने. उरातला तुकडा, त्याला लागून काळजाची फोड, वरून सालाची दोरी. आपल्या पाड्यावर हा वाटा कोणाचा असतो, ते मला सांगू नकोस. मारणाऱ्याला डोकं आणि जनावर ज्याच्या नजरेला पहिल्यांदा पडलं त्याला उरातला तुकडा. लहानपणी असलं पान घरात आलं की आई दार लावून घ्यायची. बाबांनी स्वतः चूल पेटवली, स्वतः शिजवलं. कित्येक वर्षांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. मी जेवले नाही.

ते कुठलं जनावर होतं? उद्या उत्तर हवं. खाटकाकडचं बकरं, असं लिहू नकोस. खाटीक प्लॅस्टिकच्या पिशवीत देतो.

दक्षा


घोलवड
४ फेब्रुवारी २०२५

दक्षा,

खाटकाकडचं बकरंच होतं. याहून जास्त मी लिहू शकत नाही, मी कोणाला तरी शब्द दिलाय. तुमचं घर एक, चूल एक. मामांनाच विचार ना.

हिरू


घोलवड
१६ फेब्रुवारी २०२५

दक्षा,

हे पोस्टाने पाठवतोय. मामा माझ्याकडेच आहेत, हे मी तुला फोनवर कळवलंच आहे. का आहेत ते तू विचारलं नाहीस.

मंगळवारी सकाळी पथक आलं. पाच माणसं होती, तू नव्हतीस. दार उघडंच होतं, आम्ही काही दडवून करत नव्हतो. आत आले तेव्हा मामा लाकडी टेबलावर दोन हात आणि दोन पाय टेकून उभे होते. अंगात फक्त हाफपँट. मी त्यांच्या खांद्याच्या हाडावर हात ठेवून डोळे मिटले होते, कारण हाड कधी वर येतं ते डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. ते श्वास धरून होते. कोणीतरी फस्सकन हसलं.

आता सगळं ऐक. दुसरं धड नापास झालं तेव्हा मामा मला भेटायला आले होते. त्या मातीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. मी म्हटलं, मामा, काय चुकलंय ते सांगा. म्हणाले, “पोरीला शबूद दिलाय, जनावराचं नाव नाय घेनार, त्याची गोष्ट नाय सांगनार.” असं म्हणून शर्ट काढला आणि जमिनीवर ओणवे झाले. एक शब्द बोलले नाहीत. सगळं अंगाने दाखवलं. पोट कसं आत जातं, वजन कसं सरकतं, मान कशी शेवटी वळते. तोंडाने सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. तुला दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून त्या माणसाने बासष्टाव्या वर्षी तीन महिने गुडघे सोलून घेतले. तुझ्यापासून लपवायचं होतं तेही एवढ्यासाठीच. पोरीला आवडणार नाही, म्हणायचे. आणि लाजही वाटत होती. चार पायांवरचा बाप कोणाला दाखवायचा?

धड पास झालं त्या दिवशी मला म्हणाले, जनावर पुरं झालं, ते पहिलं कोणी पाहिलं? मी म्हटलं, तुम्ही. मग माझा वाटा, म्हणाले. गंमतीतच म्हणाले, पण डोळे गंमतीचे नव्हते. मी डहाणूहून बकऱ्याचं मटण आणलं, रीतीने तुकडा काढला आणि पळसाच्या पानात बांधला. ज्या हरणाला कोणीच मारलं नाही, त्याचा वाटा. मामा ते पान दोन्ही हातांनी धरून निघाले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पथकाला मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मामांना पुन्हा करून दाखवायला लावलं. खाकी समोर पाहून ते मुकाट्याने ओणवे झाले. दोनदा. एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढला. मग शेडला सील ठोकलं. तळासरीहून मटणाचा नमुना गेलाय, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत उघडायचं नाही, असं सांगितलं.

तळासरीहून कोणाच्या घरातून नमुना गेला, ते मी मामांना सांगितलेलं नाही. तूच मला सांग.

हिरू


तळासरी
१८ मार्च २०२५

हिरूदादा,

महिनाभर पेन उचलवलं नाही. रिपोर्ट आज आला. बकरं. सील या आठवड्यात काढतील, कागद मीच पुढे सरकवलाय.

नमुना मीच काढला. बाबा चुलीसाठी लाकडं फोडायला बाहेर गेले होते, तेवढ्यात पानातून बोटाएवढा तुकडा कापला आणि बाटलीत घातला. पान होतं तसं परत बांधलं. दोरीची गाठसुद्धा तशीच मारली. तुला उत्तर मागणारं पत्र मी पाठवलं, तेव्हा बाटली घरून निघून चार दिवस झाले होते. म्हणजे मी उत्तराची वाटच पाहत नव्हते, हे तुला कळलं असेल.

तू म्हणशील, असं कसं केलंस. फासे सापडत होते. निनावी अर्ज होता. उद्या बाहेर पडलं असतं तर लोक म्हणाले असते, शिकाऱ्याची पोर, घरातलंच झाकलं. हे ऐकायला लागू नये म्हणून मी सहा वर्षं दुप्पट काम केलंय. आणि खरं सांगायचं तर मला खात्रीच होती. मला वाटलं, माणूस बदलत नाही. फासे लावणारे गेल्या आठवड्यात सापडले. बाहेरचे निघाले, आपल्याकडचं कोणी नाही.

बाबांना घरी पाठव. घर खायला उठतं. आणि एक मागते, नाही म्हणू नकोस. नमुना साहेबांनी नेला, असंच त्यांना राहू दे. साहेब बदली होऊन जातील. मला इथेच, त्यांच्यासमोर राहायचंय.

दक्षा


घोलवड
२३ मार्च २०२५

दक्षा,

सील निघालं. वापीवाला थांबला नाही, त्याने दुसरा कारागीर धरला. ते मी बघून घेईन, त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

तुझी मागणी मी ऐकू शकत नाही, कारण तू मागण्याआधीच मी ती पुरी केली होती आणि ती फसली. गेल्या महिन्यात मामांनी एकदाच विचारलं, आपल्या घरातलं मटण कोणी नेलं. मी म्हटलं, साहेबांनी माणूस पाठवला असेल. त्यांनी पेटवायला काढलेली विडी परत कानामागे खोचली. मग म्हणाले, “सायबाला कसं ठावं, त्या पानात काय हाय?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, असेल कोणी आपल्यातलाच साहेब. त्यानंतर विषय काढला नाही.

दुसरं. तुला वाटतं की त्यांना तुझ्या पत्रांचं काही माहीत नव्हतं. मी परवा बोलता बोलता ब्लाउजच्या मापावर हसलो, तर म्हणाले, माप एका कागदाचं असतं, ही पाकिटं जड होती. देताना पोर माझ्याकडे बघायची नाही, घेताना तू बघायचा नाहीस, म्हणजे आत मीच होतो. त्यांनी आयुष्यभर माग काढला, दक्षा. आपण दोघं त्यांच्यासमोर चिखलातून चाललो होतो.

मी विचारलं, मग बोलला का नाही? म्हणाले, “ती इचारेल तवा सांगीन. माझी पोर हाय, कवातरी इचारेलच.”

दर मंगळवारी संध्याकाळी याच विचाराने ते घरी यायचे.

शेड उघडल्यापासून ते आत आलेले नाहीत. बाहेर बाकावर बसतात. मी बोलावलं तर म्हणतात, आता अंग तसं वळत नाही. परवा भाकरी खाताना म्हणाले, दोनदा करून दाखवलं ना त्यांना, बास झालं.

मी आता त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. तुला जे लिहायचं ते त्यांना लिही. मी वाचून दाखवीन. एक अक्षर वगळणार नाही, आणि एक अक्षर गोड करणार नाही.

हिरू


तळासरी
२९ मार्च २०२५

बाबा,

वाचतोय हिरूदादा, पण हे पत्र तुमचं आहे. तुमच्या हाती मी एवढी पाकिटं दिली, त्यांतलं एकही तुम्हाला नव्हतं.

मटण मी नेलं. साहेबांनी नाही, त्यांनी पाठवलेल्या माणसाने नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बाहेर लाकडं फोडत होता आणि मी तुमचं पान उघडलं. नमुन्याच्या कागदावर ‘संशयित’ असा एक रकाना असतो. त्यात तुमचं नाव मी लिहिलं. पहिलीत माझ्या नावाला जोडून मी तुमचं नाव लिहायला शिकले होते, त्याच वळणाचं अक्षर आलं. ते बघूनही माझा हात थांबला नाही.

पथक निघालं तेव्हा मला साहेबांनी विचारलं होतं, येतेस का. मी म्हटलं, घरचं प्रकरण आहे, मी नको. तेव्हा मला वाटलं, मी फार सरळ वागले. खरं म्हणजे मला तुमच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. ते हसले तेव्हा मी तिथे असते तर काय केलं असतं, हे मी रोज स्वतःला विचारते. मोबाइलमधला तो व्हिडिओ मी त्या माणसाला माझ्यासमोर पुसायला लावला. त्याआधी पाहिला. बाबा, तुम्ही श्वास धरलात तिथे मलाही भीती वाटली, आपल्यामागे कोणीतरी आहे अशी.

मला राग तुमचा आला होता आणि आता स्वतःचा येतोय. माफ करा, असं लिहिलं तर हिरूदादा ते दोन शब्दांत वाचून टाकेल, म्हणून लिहीत नाही.

तीन महिने मी तुमच्यासमोर बसून जेवले. हिरूदादाला पत्रं लिहिली. साहेबांना रिपोर्ट लिहिला. तुमच्या गुडघ्यांकडे बघितलं, नखांकडे बघितलं. तुम्हाला मात्र एकदाही विचारलं नाही. तुम्ही खोटं सांगाल अशी भीती नव्हती. खरं सांगाल आणि ते शिकारीचंच निघेल, ही भीती होती.

आता विचारते. बाबा, तुम्ही घोलवडला काय करत होता?

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकून येते आहे, साडी नेसून. तुम्ही बाकावर असाल तर बाकावर बसेन, उठून गेलात तर तिथेच थांबेन. तुमचा शब्द मी परत करते, जनावराचं नाव घ्या, त्याची सगळी गोष्ट सांगा. नाही सांगावंसं वाटलं तरी चालेल. मी नुसती ऐकेन, लिहून घेणार नाही.

दक्षा